घाटाला सडा घातला ती सुगी

सुगी आली की गाव खुशीत असतं आणि मी तोंड चुकवत फिरतो. घरचे म्हणतात, म्हातारपणी माणूस असाच तऱ्हेवाईक होतो. होत असेल. पण माझं दुखणं म्हातारपणाचं नाही. निझामाच्या राज्यात, मी पंचवीस वर्षांचा असताना एका सुगीत ते लागलं. तेव्हापासून माघात जोंधळा पिवळा पडला की ते पुन्हा ठणकायला लागतं.

तसं पाहिलं तर आमच्याकडं सुगीसारखे दिवस नाहीत. सकाळी रानात गेलं की धाटांवरच्या दवानं धोतर गुडघ्यापर्यंत भिजतं. उन्हं वर आली की करडईचे काटे कडक होतात आणि बायका पायांना चिंध्या गुंडाळून कापणीला लागतात. खळ्यावर कणसांचा ढीग पडला की त्याला एक गोडसर, कोंदट वास येतो. तो वास परवा अंगणात बसल्या बसल्या नाकात शिरला आणि मी उठून घरात गेलो. सूनबाई म्हणाली, "काय झालं मामंजी, ऊन लागलं का?" मी हो म्हणालो. खोटं बोलायची सवय मला आजची नाही.

आमचं गाव बालाघाटाच्या माथ्यावर, बाजारपेठेचं. केजकडून माल आमच्या बाजारात यायचा आणि इथून घाट उतरून लिंबागणेशच्या बाजूनं बीडला जायचा. घाट म्हणण्यापुरता घाट. पावसाच्या पाण्यानं खोदलेली एक वाट, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. भरली गाडी उतरायला लागली की सगळा भार बैलांच्या मानेवर येई. म्हणून गाडीच्या मागं दोन दोर बांधत आणि एकेका दोराला दोन माणसं टाचा रोवून, मागं कलून, गाडी धरून ठेवत. त्यांना आम्ही दोरकरी म्हणायचो. दुसरीकडं कुठं हे काम असेल तर मला माहीत नाही. बाजारच्या दिवशी घाटातून जो "हो, हो, धर" असा आवाज यायचा तो या दोरकऱ्यांचा. मधल्या वळणाला कुबडं वळण म्हणत. तिथं गाडी एका बाजूला कलायची आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागायचा.

राणोजी आमच्या गावचा गाडीवान. बुटका, रुंद, बोलायला रांगडा. पण बैलावर कधी चाबूक उगारायचा नाही. त्याचा धाकटा भाऊ किसन दोरकरी होता. एका बाजारच्या दिवशी कुबड्या वळणावर चाक निसटलं, गाडी दरीकडं ओढली गेली आणि किसन दोरासकट कडेवरून दरीत फेकला गेला. दोर सोडला असता तर वाचला असता. पण दोरकरी दोर सोडत नाहीत, सोडला तर बैल जातात आणि गाडीवान जातो. तेव्हा गाडीवर राणोजीच बसला होता. गाडी दरीच्या कडेला एका दगडावर अडली, बैल वाचले, राणोजी वाचला. किसनच्या जागी पुढं राणोजीचा मुलगा नामा दोराला लागला. मिसरूड फुटलेलं, नुकतं लग्न झालेलं पोरगं.

मी त्या काळी गावच्या शाळेत मास्तर होतो. बीडला उर्दूतून शिकून आलेलो. गावात उर्दू येणारा मी एकटा, त्यामुळं कागद आला की गाव माझ्या दारात. काळा कोट घालून मी तो कागद असा काही वाचायचो की जणू तो मीच लिहून पाठवलाय. आता हसू येतं. हसूही नाही, लाजच येते.

तर सरकारकडं अर्ज करायचा ठरलं. घाट फोडून रुंद करावा, खडी टाकावी, दरीकडनं कठडा बांधावा आणि बीडहून आमच्या गावापर्यंत मोटार सुरू करावी. अर्ज अर्थात मी लिहिला. चार दिवस बसून एकेक फारसी शब्द घासूनपुसून बसवला. ज्यांच्यासाठी अर्ज होता त्यांना त्यातलं एक वाक्य कळलं नसतं. राणोजीनं अंगठा उठवताना विचारलं, "मास्तर, ह्यात किसनाचं आलंय का?" मी म्हणालो, आलंय. आलं होतं, "चंद हादसात" या दोन शब्दांत, म्हणजे काही अपघात.

पौषात उत्तर आलं. बांधकाम खात्याचे बडे साहेब, ज्यांना मोहतमीम म्हणत, ते स्वतः दौऱ्यावर येऊन घाट पाहणार होते. झालं, गावाच्या अंगात आलं. चावडीवर बैठक भरली. पाटील म्हणाले, "साहेब आपल्या दारी येणार आन् वाट ही अशी? पाव्हणा यायच्या आदी आपुन अंगण झाडतो का न्हाई? मग हे गावाचं अंगण हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या माणसांची खोडच आहे ही. घरात खायला नसलं तरी पाहुण्याच्या ताटाखाली पाट पाहिजे, पाटाभोवती रांगोळी पाहिजे. झाकली मूठ सव्वा लाखाची. सरकारला मूठ उघडून दाखवायची होती, हे त्या चावडीवर एकाच्याही ध्यानात आलं नाही.

खोटं बोललो. एकाच्या आलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना राणोजी आला. आत आला नाही, उंबऱ्याशी उकिडवा बसला. म्हणाला, "मास्तर, तुमी शिकलेले हाय. मला एक सांगा. वैद्याला दुखनं दावायचं तर पट्टी सोडावी लागंल का नवी बांधावी लागंल?"

"म्हणजे काय?"

"म्हंजे ह्ये खड्डे कावून बुजवायलेत? साहेब बघायला काय येनार हाय मग?"

अगदी सरळ होतं. मला ते कळलंही. पण मनात काय होतं ते आज लपवत नाही. तो साहेब शिकलेला, हैदराबादचा. त्याच्यासमोर मी उर्दूतून बोलणार होतो. माझ्या गावाची वाट म्हणजे डुकरं लोळायची जागा दिसावी, हे मला नको होतं. खड्ड्यांची लाज मला वाटत होती, राणोजीला नव्हती. त्याला त्यांची भीती वाटत होती. मी म्हणालो, "राणोजी, अर्जात सगळं लिहिलंय. सरकार कागदावर चालतं. पाहुण्याचा मान राखला तर तो खूश होऊन मंजूर करील. तू बैलांचं बघ." तो उठला. जाताना म्हणाला, "तुमी म्हंता तसं. आमाला काय कळतं."

पाच दिवस सुगी थांबली. रानात जोंधळा उभा, पाखरांचे थवेच्या थवे कणसांवर, आणि गाव घाटात. कुंभाराच्या गाढवांवरून मुरूम आला. पोत्यानं दगड वेचले. कुबड्या वळणावरची ओघळ तर अशी बेमालूम भरली की मलाच जागा सापडेना. शेवटच्या दिवशी बायकांनी हंडे भरभरून शेणपाण्याचा सडा घातला. घाटाला, होय. वळणा-वळणाला रांगोळी, कड्याच्या अंगाला आंब्याच्या डहाळ्या आणि झेंडूची तोरणं. उन्हात त्या ओल्या शेणमातीचा वास सगळ्या डोंगराला येत होता. नामाची बायको रांगोळी काढत होती. मोर काढला होता तिनं, मोठा देखणा. त्या दिवशी मला गाव फार सुंदर वाटलं. आजही डोळ्यांसमोर येतं तेव्हा सुंदरच वाटतं.

साहेबांसाठी घाटाच्या पायथ्याशी घोडा तयार ठेवला होता. मोटार वर चढणार नाही, असं अर्जात आम्हीच लिहिलं होतं. पण साहेबांच्या ड्रायव्हरनं वाट पाहिली आणि मोटार सरळ वर घातली. एकदाही न थांबता ती माथ्यावर आली. गावानं जन्मात पहिल्यांदा मोटार पाहिली, लोकांनी हलगी वाजवली, बायकांनी तिच्या चाकांवर पाणी ओतलं, हळदीकुंकू लावलं. घोडा खाली तसाच उभा.

साहेब वाईट माणूस नव्हते. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण पुढं गावानं त्यांना फार शिव्या दिल्या. वयस्क, सडपातळ, सारखे खोकणारे. वडाखाली सतरंजीवर बसले, गूळपाणी घेतलं, सगळ्यांना नमस्कार केला. मग चालत घाटात गेले, कुबड्या वळणावर उभं राहून दरीत डोकावले. त्यांनी मला उर्दूतून विचारलं, "रस्ता नेहमी असाच असतो का?"

आता इथं एक क्षण होता. साधा प्रश्न होता, त्याला साधं उत्तर होतं. पण शेजारी पाटील उभे, पायाखाली मोर, आणि माझ्या तोंडात बीडला शिकलेली अदब. मी म्हणालो, "जी हुजूर, आपकी मेहरबानी से." हे असं म्हणायचीच रीत होती. तब्येत कशी, आपकी मेहरबानी से. मुलं कशी, आपकी मेहरबानी से. माणूस मरायला टेकला तरी हेच म्हणायचं. पण साहेबांनी तब्येत विचारली नव्हती, रस्ता विचारला होता. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं.

तेवढ्यात राणोजी पुढं आला. पाटलांनी डोळे वटारले, तरी आला. पागोटं काढून हातात घेतलं आणि बोलला. त्याचं बोलणं माझ्या कानात आहे तसं लिहितो.

"साहेबाला सांगा मास्तर. ह्यो रस्ता पाच दिसाचा हाय. वरून मुरूम टाकलाय, पायानं उकरून बगा. ह्याच जाग्यावर माजा भाऊ दोर धरून खाली गेला. आता माजं पोरगं दोर धरतंय. साहेबाला म्हनावं, तुमी मोठे हाय, बाजारच्या दिशी न सांगता या. बस, येवढंच."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "काय म्हणतोय हा?"

मला सगळे शब्द येत होते. मुरूम येत होता, दोर येत होता, भाऊ येत होता. पण ते सांगितलं तर आत्ताच मी साहेबांशी खोटं बोललो हे उघडं पडलं असतं. पाटलांची इज्जत गेली असती, आणि मुख्य म्हणजे माझी. मी म्हणालो, "हुजूर, हा म्हणतो, आपले पाय गावाला लागले, आम्ही धन्य झालो. पुन्हा या."

पुन्हा या. तेवढं एक खरं सांगितलं मी.

साहेबांचा चेहरा मऊ झाला. त्यांनी राणोजीकडं पाहून छातीवर हात ठेवला आणि मान झुकवली. राणोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, साहेबांना त्याचं दुःख पोचलं.

उन्हाळा लागता लागता कागद आला. चावडीवर मीच वाचला. जागा पाहिली, रस्ता गाड्यांना आणि मोटारीलाही लायक आहे, तूर्त खर्चाची गरज दिसत नाही. एवढंच. गाव खवळलं. सरकार आंधळं, सरकार बहिरं, साहेब असा आणि साहेब तसा. मी कागदाची घडी घालत बसलो. आणि राणोजी सगळ्यांना म्हणाला, "मास्तरांनी सांगाय कमी केलं न्हाई. माज्या म्होरं सांगितलं. साहेबानं छातीला हात लावला बगा. त्येनं ऐकलं, पर वरच्यांनी ऐकलं नसंल."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. उद्या बोलू म्हणालो. आणि उद्या ही काय चीज आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

पावसाळ्यात सगळा मुरूम वाहून गेला. पुढल्या सुगीत, बाजारच्या दिवशी, कुबड्या वळणावर राणोजीची गाडी पुन्हा कलली. नामानं दोर हाताला गुंडाळून घेतला होता. घामानं निसटू नये म्हणून सगळेच तसं करत, करू नये हे माहीत असून. गाडी वाचली. नामाच्या उजव्या हाताची तीन बोटं दोरात राहिली. त्याला त्याच गाडीत घालून बीडच्या दवाखान्यात नेलं, मी सोबत चालत होतो. नामा ओठ चावून पडलेला, फडक्यातनं रक्त गळतंय, आणि राणोजी बैलांना हाकत मला म्हणतोय, "तुमी वाईट वाटून घिऊ नका मास्तर. तुमी तुमचं केलतं." आठ-दहा कोस मी कसा चाललो मला आठवत नाही.

पुढं राणोजीचं ते बोलणं गावाची गोष्ट होऊन बसलं. आमच्या राणोजीनं निझामाच्या साहेबाला तोंडावर सुनावलं, आणि मास्तरांनी शब्दन्‌शब्द उर्दूत सांगितलं. पोरीबाळी सासरी जाऊन ती गोष्ट सांगत. राणोजीचं वजन वाढलं. भांडणात त्याला मधे घेत, त्याचा शब्द मानत. जो माणूस साहेबासमोर भ्याला नाही, तो आपल्याला काय भिणार? मरतानाही त्यानं मला बोलावून घेतलं आणि माझा हात धरून म्हणाला, "किसनाचं नाव सरकारच्या कानावर गेलं मास्तर. लई झालं." मी मान हलवली. मरणाऱ्या माणसालासुद्धा मी फसवलं.

निझाम गेला, राज्य बदललं, शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली. या वर्षी, अगदी सुगीत, सरकारचे लोक घाट मोजायला आलेत. साखळ्या, लाल निशाणं, एक तरुण इंजिनिअर. आता म्हणे घाट रुंद होणार, एस.टी. थेट चावडीपाशी येणार. या वेळी गावानं एक खडा हलवला नाही. नामा सरपंच आहे. त्यानं सगळ्यांना बजावलं, "वाट हाय तशीच ऱ्हाऊ द्या."

ते ऐकलं आणि माझा धीर सुटला. म्हणजे खरं तर आला. मी नामाच्या खळ्यावर गेलो. तो मळणी झालेल्या ढिगाशी एकटाच बसला होता, उरलेल्या दोन बोटांनी चिलीम धरून. पन्नाशी उलटून गेलेला माणूस. मी त्याला सगळं सांगितलं. मोर, आपकी मेहरबानी से, पाय गावाला लागले, सगळं. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा उद्यावर गेलं असतं.

नामाच्या हातातली चिलीम विझली. मला वाटलं आता हा उठून मला मारेल. मारावं, असंही वाटलं. बत्तीस दातांच्या मधे मी हे एवढी वर्षं धरून ठेवलं होतं, ते कुणीतरी पाडावं असं वाटत होतं.

"बाबाला कळलं नव्हतं ना?" त्यानं विचारलं.

"नाही."

"बरं झालं."

मग तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मास्तर, आता ह्ये दुसऱ्या कुनाला सांगू नका. माजा बाबा साहेबाला बोलला, येवढीच आमच्या घराची मिळकत हाय. तुमचं मन हलकं कराय ती काडून घिऊ नका."

माझी लाज मी त्याच्या दारात टाकायला गेलो होतो आणि त्यानं ती उचलून पुन्हा माझ्या पदरात घातली. हक्कानं घातली. म्हणून इथं गावाचं नाव लिहिलेलं नाही, आणि राणोजी, नामा ही नावंही खरी नाहीत. वळणाचं नावसुद्धा बदललंय. तरी हे लिहिलं, म्हणजे नामाचा शब्द मी अर्धा मोडलाच. काय करू, सगळा पाळण्याएवढा मी कधीच नव्हतो.

काल चावडीवर तो इंजिनिअर बसला होता. चहा चालला होता, पाच-पन्नास माणसं होती. कुणीतरी त्याला जुनी गोष्ट सांगितली. त्यानं मोठ्या आदरानं माझ्याकडं वळून विचारलं, "आजोबा, खरंच तुम्ही त्या काळी हे सगळं निझामाच्या साहेबाला तोंडावर सांगितलंत?"

नामा समोरच बसला होता. तो माझ्याकडं एकटक पाहत होता.

"सांगितलं," मी म्हणालो. "शब्दन्‌शब्द."

नामानं हातातली कपबशी माझ्यापुढं सरकवली. लोक वाहवा म्हणत होते. मी मान खाली घालून चहा प्यायलो.